सात वाजताचे फोटो

प्लॅनिंग हा माझा धंदा आणि स्वभावही. शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काम केलं, तिथे गाड्यांच्या दरवाजांची बिजागरं तयार होत. कोणत्या दिवशी कोणतं बिजागर, किती, आणि कोणत्या ट्रकमधून जाणार, हे मी ठरवायचे. घरीही तेच. कपाटातल्या डब्यांवर चिठ्ठ्या, बाबांच्या गोळ्यांचा तक्ता, आणि वाण्याकडच्या यादीतसुद्धा रकाने. माझ्या बहिणीच्या मते मी स्वप्नंसुद्धा वारानुसार बघत असेन. मला तिचा राग येत नाही, कारण ती काही फार चूक बोलत नाही.

पावसाने दडी मारली होती त्या वर्षाच्या पोळ्यानंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले. बोलणं शाबूत राहिलं, पण सावकाश. घरात आम्ही दोघंच. त्यांना सांभाळायला एक मावशी मिळाल्या, कामाला चोख आणि मायाळू, पण त्या सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच यायच्या. मंगळवार आणि गुरुवार त्यांनी दुसऱ्या घरी आधीच दिले होते. संभाजीनगरात तोवर बायपासच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या सगळ्या घरांत कुणी ना कुणी म्हातारं होतंच, त्यामुळे असल्या मावशींना मोठी मागणी. मी बरीच शोधाशोध केली आणि शेवटी हात टेकले.

मी राजीनामा लिहिला. पाठवायच्या आधी मात्र साहेबांकडे गेले आणि विचारलं, मंगळवार आणि गुरुवार मी घरून काम केलं तर? टाळेबंदीत केलंच होतं की. साहेब वाईट माणूस नव्हते, पण जो माणूस डोळ्यांसमोर दिसत नाही तो झोपलेला असणार, अशी त्यांची पक्की समजूत. एकट्या तुम्हाला देता येणार नाही, म्हणाले. द्यायचं तर प्लॅनिंग आणि खरेदीच्या पाचही जणांना द्यावं लागेल. मग थोडा विचार करून म्हणाले, "तीन महिने बघू. तीन दिवस इथे, दोन दिवस घरून. पण एक जरी ट्रक अडकला, तर सगळे परत पाच दिवस इथे."

बाकी चौघांना ही सोय होती. माझ्यासाठी हाच नोकरीचा निकाल होता. ट्रक अडकला की राजीनामा पाठवायचा, इतकं ते सरळ होतं. ते पत्र मी पुसलं नाही, मेलच्या कप्प्यात तसंच ठेवलं.

मग मी माझी हौस पुरवून घेतली. सगळ्यांना एकाच वेळी उघडता येईल अशी शीट केली. कोण कधी घरी, कोण कधी कारखान्यात, कुणाचं काम कुणाकडे जाणार, सगळं रंगवून. घरून काम करणाऱ्यांना कंपनीचे लॅपटॉप आणि इंटरनेट. रोज साडेनऊला सगळ्यांची स्क्रीनवर बैठक. ती शीट इतकी देखणी झाली होती की मी ती बाबांनाही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रांगोळी छान आहे."

पहिल्याच आठवड्यात माणसं गायब व्हायला लागली. बैठक चालू असताना एखादा चौकोन अचानक काळा व्हायचा. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस परत आला की म्हणायचा, नेटवर्क गेलं होतं. खरेदी बघणारी मुलगी हर्सूलकडे राहायची, तिचं नेटवर्क आठवड्यातून एकदा हमखास जायचं. दुसऱ्याचं चिकलठाण्यात जायचं, तिसऱ्याचं टीव्ही सेंटरला. एकदा एका महत्त्वाच्या फोनच्या वेळी तिघांचं एकदम गेलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इंटरनेटवाल्याला फोन करून असं काही झापलं की त्याने तिन्ही घरी माणूस पाठवला. तो माणूस जाऊन बघून आला आणि म्हणाला, लाइन एकदम टकाटक आहे. मी त्यालाही झापलं.

त्याच सुमारास दुसरं संकट आलं. एका मंगळवारी मी घरी होते. स्क्रीनवर डाव्या दरवाजाची बिजागरं भरपूर दिसत होती, म्हणून मी सकाळच्या पाळीला उजवी बनवायला लावली. बाराच्या सुमारास डिस्पॅचच्या सुपरवायझरभाऊंचा फोन आला. माल मोजून ट्रकमध्ये चढवायचं काम त्यांचं.

"मॅडम, डाव्या खोक्यात उजवा माल हाये. अर्ध्याच्या वर."

ट्रक चारला निघायचा होता. बाबांना भरवायचा चमचा हातात तसाच राहिला. भाऊ म्हणाले, "घाबरू नका. मशीनवरची डाय बदलून डावा माल काढायला लावलाय मी. साडेतीनपर्यंत होतंय." आणि खरंच झालं. ट्रक चारच्या ऐवजी सव्वाचारला फाटकाबाहेर पडला, आणि सव्वाचारला अडकला म्हणत नाहीत. त्या दिवशी त्यांनी ते खोकं उघडून बघितलं नसतं, तर माझी नोकरी तिसऱ्या आठवड्यातच संपली असती.

भाऊंबद्दल थोडं सांगायला हवं. ते करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. वडील मेंढरं राखायचे. हे दहावीपर्यंत शिकले आणि कारखाना आला तेव्हा हमाल म्हणून लागले. पुढे डोकं आणि अक्षर बघून सुपरवायझर झाले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, पण मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. त्यांचं काम घरून होण्यासारखं नव्हतं. खोकी काही स्क्रीनवरून उचलता येत नाहीत.

त्या घोळानंतर मी कानाला खडा लावला. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. रोज कुणीतरी शॉपफ्लोअरवर फिरून प्रत्येक खोक्याचा, आतला माल दिसेल असा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, म्हणजे घरून काम करणाऱ्यालाही खरा माल दिसेल. भाऊंना विचारलं, तर ते लगेच हो म्हणाले. वेळ मी शीटमध्ये लिहिली, सकाळी सात.

दुसऱ्या दिवसापासून सातच्या ठोक्याला फोटो यायला लागले. एकही दिवस खाडा नाही. फोटोसुद्धा इतके नीट की बिजागराच्या भोकाचा आकार कळावा. ते फोटो यायला लागल्यापासून डावं-उजवं एकदाही चुकलं नाही.

नेटवर्कचं कोडं मात्र सुटत नव्हतं. एका बुधवारी कारखान्यात चहाच्या वेळी मी भाऊंपुढे कुरकुर करत होते, की हे लोक आता नोकरी घालवणार माझी. भाऊंनी कप खाली ठेवला.

"मॅडम, राग येऊ देऊ नका. पण नेटवर्क कुणाचंच जात नाय. पाणी येतं."

"पाणी?" मी विचारलं.

"नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतंय. ते सुटलं की माणूस बैठकीत बसंल का हंडे भरंल? आन् तुम्हाला सांगायची लाज वाटती लोकांला. लॅपटॉप बंद करून पाणी भरतो म्हणलं, तर साहेब काय म्हणतील?"

मला हे सुचायला हवं होतं. मी याच शहरात जन्मले. आमच्या कॉलनीपर्यंत नळाची लाइन अजून पोचलेली नव्हती, आम्ही टँकरवर, आणि टँकर आमच्या सोयीने यायचा. त्यामुळे नळ असलेल्यांची ही धावपळ माझ्या डोक्यातच आली नाही. मी इंटरनेटचा वेग मोजत बसले होते.

"आमचा बाप मेंढरं घेऊन निघायचा ना," भाऊ म्हणाले, "तवा आधी एक जण पुढं जाऊन बघून यायचा. पाणी कुठं हाये, किती दिवस पुरंल. मग रस्ता ठरायचा. रस्ता आधी ठरवून पाणी हुडकत बसलं, तर मेंढरं मरत्यात."

त्या दिवशी दुपारी मी चौघांना बोलावलं आणि कबूल केलं की इंटरनेटवाल्याची मला माफी मागायची आहे. हसले सगळे. मग मी विचारलं, खरं सांगा, कुणाकडे पाणी कधी? आधी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरेदीवाली मुलगी हळूच म्हणाली, "आमच्याकडं आठवड्यानं येतं, पण टाइम फिक्स नसतो. सोडणारे काका आदल्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर टाकतात." टीव्ही सेंटरचा म्हणाला, "हमारे यहाँ तो सकाळीच. पण कधीकधी दुपारी पण, मॅडम." कुणाची सासू गुडघ्यांनी जेरीस आलेली, कुणाची बायको स्वतः नोकरीवर. पाणी भरायला तेच होते.

मी रांगोळी पुसली आणि नवी शीट केली. तिच्यात पहिला रकाना पाण्याचा. घरून कामाचा दिवस त्याच्या मागून ठरणार. ज्याच्या गल्लीत उद्या पाणी, त्याने आदल्या संध्याकाळी शीटमध्ये निळी खूण करायची, म्हणजे तो दिवस त्याचा घरचा, आणि पाण्याच्या दोन तासांत त्याचं काम बघणारा दुसरा कोण ते लगेच दिसायचं. माझे मंगळवार आणि गुरुवार मावशींमुळे बांधलेले, बाकीच्यांचे सरकते. आणि ग्रुपवर एक नियम. नेटवर्क गेलं म्हणायचं नाही. 'पाणी' एवढंच लिहायचं आणि जायचं. त्याच्यावर कुणी काही बोलणार नाही, मीसुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं. पण काम एकदम रुळावर आलं. माणसं पूर्वीपेक्षा जास्त वेळ हजर राहायला लागली, कारण लपवायला काही उरलं नव्हतं. पाणी भरून आलेला माणूस ओल्या बाह्यांनी कॅमेऱ्यासमोर बसायचा आणि काम पुढे घ्यायचा.

एकदाच खरी पाचावर धारण बसली. जायकवाडीहून शहरात येणारी मोठी जलवाहिनी फुटली, चार दिवस कुणालाच पाणी नाही, आणि पाचव्या दिवशी, बुधवारी, सगळ्या भागांत सोडणार असा निरोप आला. त्याच बुधवारसाठी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने दोनाऐवजी तीन ट्रक मागितले. मंगळवारी संध्याकाळी शीट उघडली तर चारही नावांपुढे निळ्या खुणा. मग आम्ही पाचही जणांनी फोनवर बसून दिवसाचे तुकडे केले. हर्सूलला पाणी सकाळी, टीव्ही सेंटरला दहानंतर, चौथ्याकडे बारानंतर, चिकलठाण्यात दुपारी. एक भरत असेल तेव्हा दुसरा बघेल. मी कारखान्यात असणारच होते, आणि खाली भाऊ. त्या दिवशी ग्रुपवर 'पाणी' हा शब्द चार वेळा आला आणि 'आलो' किंवा 'आले' हेही चार वेळा. तिसरा ट्रक पावणेचारला गेला. फाटकातून तो वळला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि मी भाऊंना तिथेच उभ्याउभ्या म्हणाले की तुम्ही होतात म्हणून झालं. "व्हय, आन् फोटो होते म्हणून," ते म्हणाले.

तीन महिने संपले. एकही ट्रक अडकला नव्हता. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "चालू ठेवा." इतकंच. मी जागेवर येऊन ते राजीनाम्याचं पत्र पुसलं. घरी गेल्यावर बाबांना सांगितलं, तर त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मी बरीच रडले. मला रडताना त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत हेड ऑफिसला आमचं हे कळलं आणि त्यांनी अहवाल मागवला. घरून आणि कारखान्यातून मिळून काम यशस्वी कसं केलं, नियोजन काय, तंत्रज्ञान कोणतं वापरलं. मी खूश. असली कामं मला मनापासून आवडतात. शेवटी एक रकाना होता, या पद्धतीचा प्रत्येकाला काय फायदा झाला, एकेक ओळ. चौघांच्या ओळी पटापट आल्या. भाऊंचं नाव मीच घातलं होतं, म्हणून खाली जाऊन त्यांना विचारलं.

त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी नीट चिकटवली आणि विचार केला. "माझा काय फायदा, मॅडम?" त्यात तक्रार नव्हती. खरंच काही आठवतंय का, ते बघत होते. "तुमचं झालं ना, मग झालं. लिवा काहीपण."

मग मी गंमत म्हणून विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी? सगळ्यांना विचारलं, तुम्हाला राहिलंच.

"आमची हीर दिवाळीनंतर आटली. चुलतभावाच्या बोअरला थोडं हाये. शेतातली लाइट सकाळी सहा ते साडेसात असती, तेवढ्यात मोटर चालती."

"मग तुम्ही कधी आणता?"

"आधी मीच आणायचो, गाडीवर दोन कॅन बांधून, दोन-तीन खेपा. आठला निघून साडेआठला इथं. आता सातचे फोटो असत्यात ना, म्हणून सव्वासहाला निघतो. आता घरातली आणती. डोक्यावर."

"किती लांब आहे?"

"लई नाय. जायला वीस मिन्टं. येताना जरा जास्त."

मी विचारलं, सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तुम्ही सात लिवलं होतं. मला वाटलं, ट्रकचं काहीतरी गणित असंल."

मी वर येऊन खुर्चीत बसले आणि ते गणित शोधलं. ट्रक चारला. बैठक साडेनऊला. फोटो बैठकीत लागायचे, त्याच्या आधी कुठेच नाही. मग मी खाली जाऊन भाऊंचा फोन मागितला आणि ते जुने मेसेज उघडले. पाठवणाऱ्याच्या फोनवर कुणी कधी बघितलं याची वेळ दिसते. सात वाजता आलेले फोटो मी रोज नऊनंतर उघडले होते. नऊ दहा, नऊ बारा, नऊ पाच. सातला मी बाबांचं अंग पुसत असायचे. तीन महिन्यांत एकाही दिवशी ते फोटो सातला कुणीच बघितले नव्हते. सात मी लिहिलं, कारण मी पाचला उठते आणि सात हा आकडा मला कामसू वाटतो.

दुसऱ्या दिवसापासून मी सातच्या जागी नऊ लिहिलं. काहीही बिघडलं नाही. काही बिघडलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी बहीण बाबांपाशी बसली आणि मी त्यांच्या गावी गेले. जालना रोडने करमाड, तिथून आत. घर गावाबाहेर, दारात दोन करडं बांधलेली. भाऊ गावात गेले होते, घरी त्यांच्या बायको होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पदर सावरला, घोंगडी टाकली आणि पहिल्यांदा तांब्या आणून पुढे केला. ते पाणी मी घोट घोट करत सगळं प्यायले.

"तुमच्या वडलांचा हात कसा हाये आता?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला कसं माहीत, असं मी म्हणाले. "हे सांगत होते ना. मॅडमच्या बापाला बरं नाय, त्यांला घरी थांबावं लागतं, म्हणून मला सातला जावं लागतं. मी म्हणलं जावा, पाण्याचं मी बघते."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण खोटं बोलायला मी गेले नव्हते. मी सांगितलं, की वहिनी, सातची गरज नव्हती. नऊला चाललं असतं. मी विचार न करता लिहिलं, आणि तुम्ही तीन महिने डोक्यावर पाणी आणलंत.

त्या उठल्या. दारातल्या करडाची दोरी सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता नऊ लिवलंय ना?"

"हो."

"मग झालं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाताचं नाय सांगितलं तुम्ही."

मी सांगितलं, की बाबा आता उजव्या हाताने कप धरतात, थोडा थरथरतो, पण धरतात. त्यांनी हात जोडले, माझ्यासाठी नाही, त्या हातासाठी. मग चहा ठेवायला आत गेल्या.

हेड ऑफिसला गेलेल्या अहवालात लॅपटॉप आहेत, शीट आहे, फोटो आहेत, पाण्याचा रकाना आहे. त्या बाईंसाठी त्यात जागा नव्हती. म्हणून हे इथे लिहिते आहे.